बी.एड.साठी कर्ज काढावं का? पगाराच्या आधी मोजायचा एक आकडा

गेल्या महिन्यात मूर्तिजापूर तालुक्यातून मावसाजींचा फोन आला. मावसभावाचं बी.एस्सी. झालंय आणि त्याला बी.एड. करायचंय. मावसाजी म्हणाले, "तू एवढी पीएच.डी. करून रायली, मंग मले एवढं सांग, पोराच्या बी.एड.साठी दोन लाखाचं कर्ज काढू का नको काढू?"

प्रश्न साधा आहे, पण मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्याला कारणंही होतं. २०१९ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर मी स्वतः कर्ज काढून बी.एड. केलंय. कर्ज १ लाख ४० हजारांचं होतं. २०२१ च्या सप्टेंबरात निकाल लागला, एक वर्षाची सवलत मिळाली आणि ऑक्टोबर २०२२ पासून महिन्याला २,९०० रुपयांच्या आसपास हप्ता सुरू झाला. तेव्हा मी एका विनाअनुदानित शाळेत ७,००० रुपयांवर शिकवत होते. सुरुवातीचे हप्ते बाबांनी तुरीच्या पैशातून भरले. हे मी आजवर इथे लिहिलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण पेट, नेट किंवा सेटची तयारी करताय आणि "सेफ साइड म्हणून बी.एड. करून ठेवावं का" असं विचारणारे मेसेज मला नेहमी येतात. म्हणून मावसाजींना दिलेलं उत्तर इथे सविस्तर मांडते. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे प्रत्यक्ष हिशेब. दुसरी म्हणजे "डिग्रीची कमाई विरुद्ध कर्ज" हा प्रश्न संशोधनात कसा मांडतात आणि आपल्या वऱ्हाडात तो तसाच्या तसा का बसत नाही. दुसरी गोष्ट तुम्हाला उद्या सिनॉप्सिस लिहिताना कामी येईल.

आधी कर्जाचा आकडा नीट करू

"दोन लाखांचं कर्ज" म्हणजे फेडताना दोन लाख नसतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण किती होतात, हे फार कमी जण कागदावर मांडतात. आपण मांडू.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय. समजा दरवर्षी सुरुवातीला १ लाख रुपये उचलले. व्याजदर १० टक्के धरू (तुमच्या बँकेचा वेगळा असेल, तो घाला). बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेप्रमाणे अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज थांबत नाही, सरळव्याजाने ते चालूच राहतं. पहिल्या लाखावर तीन वर्षांचं ३०,००० आणि दुसऱ्या लाखावर दोन वर्षांचं २०,०००. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी तुमच्या नावावर २ लाख ५० हजार असतात.

ते सात वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण ४,१५० रुपये. एकूण फेड ३ लाख ४८ हजार ६००.

पंधरा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण २,६८७ रुपये. एकूण फेड सुमारे ४ लाख ८४ हजार.

हप्ता लहान केला की एकूण रक्कम वाढते. हे चांगलं की वाईट, ते इतक्यात ठरवू नका, खाली परत येऊ.

इथे एक चौकशी करायची राहून जाते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत या सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. पण कॉलेज आणि अभ्यासक्रम योजनेच्या अटीत बसायला हवा. कर्ज काढायच्या आधी बँकेत हे लेखी विचारा. बसलं तर २ लाखांचे अडीच लाख होत नाहीत आणि सात वर्षांचा हप्ता ४,१५० वरून ३,३२० वर येतो. मुलींनी तर आधी जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचावा. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. आपल्या कॉलेजात आणि कोर्सला तो कसा लागू होतो, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

न दिसणारा खर्च

आता दुसरा आकडा. तो बँकेच्या कुठल्याच कागदावर नसतो.

बी.एड.ची दोन वर्षं तुम्ही काम करत नाही. बी.एस्सी. झालेला मुलगा अकोल्यात एखाद्या लॅबमध्ये, कृषी केंद्रात किंवा मेडिकल एजन्सीत महिन्याला १०,००० मिळवू शकतो असं धरू. दोन वर्षांचे २ लाख ४० हजार झाले. ते त्याने सोडले. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. गॅरी बेकर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६४ साली 'ह्यूमन कॅपिटल' हे पुस्तक लिहिलं, त्यातली ही मूळ कल्पना आहे: शिक्षण ही गुंतवणूक आहे आणि तिच्या किमतीत फी जितकी मोजायची तितकीच शिकताना बुडालेली कमाईही मोजायची.

म्हणजे मावसभावाच्या बी.एड.ची खरी किंमत २ लाख नाही. फी आणि खर्चाचे २ लाख, बुडालेले २ लाख ४० हजार, आणि वरून व्याज. त्यातला कर्जाचा भाग तेवढा डोळ्यांसमोर असतो, म्हणून आपण त्यालाच घाबरतो.

शिक्षकाचा पगार: एक नाही, चार आकडे

"शिक्षकाला पगार किती?" असं विचारलं की घरातले मोठे एकच आकडा सांगतात, तो म्हणजे कायम झालेल्या, पूर्ण अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा. प्रत्यक्षात एकाच डिग्रीचे चार आकडे आहेत.

पहिला, कायम शिक्षक. सातव्या वेतन आयोगात माध्यमिक शाळेतल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये आहे. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता त्यावर.

दुसरा, शिक्षणसेवक. महाराष्ट्रात २००० सालापासून ही योजना आहे. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. माध्यमिकचं मानधन कितीतरी वर्षं ८,००० होतं. जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झालं (प्राथमिकला १६,०००, उच्च माध्यमिकला २०,०००).

तिसरा, विनाअनुदानित किंवा खाजगी शाळा. इथे ठरलेला आकडा नाही. मी स्वतः ७,००० वर होते, हिशेबासाठी ८,००० धरू.

चौथा आकडा शून्य.

आता ४,१५० चा हप्ता या चारही आकड्यांवर ठेवून पाहा. ३८,६०० वर तो अकरा टक्क्यांपेक्षाही कमी आहे, भत्ते धरले तर आणखी कमी. १८,००० वर तो २३ टक्के होतो. ८,००० वर ५२ टक्के. आणि शून्यावर टक्केवारी काढताच येत नाही.

कर्ज तेच, डिग्री तीच, कॉलेजही तेच. मग "बी.एड.ला कर्ज परवडतं का" या प्रश्नाचं एक उत्तर कसं असेल? तुम्ही या चार रकान्यांपैकी कुठे आहात आणि कधी आहात, यावर ते ठरतं. यातला "कधी" हाच माझ्या लेखाचा मुद्दा आहे.

थांबणं हाच खरा खर्च

तारखा बघा. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने राज्यात शिक्षक भरती थांबली. अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन आधी, नवीन भरती नंतर, असं ते धोरण होतं. मग भरती पवित्र पोर्टलवरून करायचं ठरलं आणि त्यासाठी टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, डिसेंबर २०१७ मध्ये पहिल्यांदा झाली. दुसरी टेट फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. तिसरी मे-जून २०२५ मध्ये.

पहिल्या आणि दुसऱ्या टेटमध्ये पाच वर्षं दोन महिन्यांचं अंतर आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्यात सव्वादोन वर्षांचं. पहिली ते आठवीसाठी लागणारी टीईटी वेगळी, तिचा आणि टेटचा गोंधळ करू नका. त्यातच ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. पात्रता धरता येणार नाही. म्हणजे बी.एड.वाल्यांसाठी एक दार बंद झालं.

आता या तारखांशेजारी बँकेचं वेळापत्रक ठेवा. बँक म्हणते, कोर्स संपल्यावर एक वर्ष. बँकेला टेट कधी होणार याच्याशी देणंघेणं नाही. माझ्याच उदाहरणात बघा: पहिला हप्ता ऑक्टोबर २०२२, टेट फेब्रुवारी २०२३, निवडीची यादी फेब्रुवारी २०२४. यादी लागली त्या महिन्यात मी सतरावा हप्ता भरत होते. यादीत माझं नाव नव्हतं, ती गोष्ट वेगळी. पण ज्यांचं होतं, त्यांचेही हप्ते नोकरीच्या आधीच सुरू झालेले होते.

माझ्या कॉलेजची, सरकारची किंवा बँकेची तक्रार म्हणून हे सांगत नाही. दोन वेळापत्रकं वेगवेगळी चालतात आणि त्यांच्या मधल्या फटीत कुटुंब सापडतं, एवढंच दाखवायचंय.

दहा वर्षांचा तक्ता

आता सगळं एकत्र मांडू. आजपासून दहा वर्षांचा काळ घेऊ, कारण दोन वर्षं कोर्स, एक वर्ष सवलत आणि सात वर्षं फेड मिळून बरोबर दहा होतात. गृहीतकं स्पष्ट लिहिते: बी.एड. नाही केलं तर दहा वर्षं महिना १०,०००. केलं तर नोकरी लागेपर्यंत महिना ८,०००, मग तीन वर्षं १८,०००, मग ३८,६००. भत्ते, वेतनवाढ, महागाई काहीच धरलेलं नाही. बी.एड.च्या बाजूच्या बेरजेतून कर्जफेडीचे ३ लाख ४८ हजार ६०० वजा केलेत.

बी.एड. न करता: १२ लाख.

बी.एड. आणि लगेच नोकरी: २६ लाख १५ हजार. म्हणजे १४ लाख १५ हजार जास्त.

बी.एड. आणि तीन वर्षं थांबून नोकरी: १५ लाख १४ हजार. म्हणजे ३ लाख १४ हजार जास्त.

बी.एड. आणि पाच वर्षं थांबून नोकरी: ७ लाख ७९ हजार. म्हणजे ४ लाख २१ हजार कमी.

बी.एड. आणि दहा वर्षांत अशी नोकरीच नाही: ४ लाख १९ हजार. म्हणजे ७ लाख ८१ हजार कमी.

आता एक पाऊल पुढे. नोकरी लागण्याची शक्यता किती असली तर दहा वर्षांत निदान बरोबरी होईल? "एक तर लगेच लागेल, नाहीतर लागणारच नाही" असं धरलं तर उत्तर येतं सुमारे ३६ टक्के. "एक तर तीन वर्षांनी लागेल, नाहीतर लागणारच नाही" असं धरलं तर उत्तर येतं ७१ टक्के. तीन वर्षांच्या थांबण्याने लागणारी शक्यता जवळपास दुप्पट झाली. पाच वर्षं थांबायचं असेल तर १०० टक्के खात्री असूनही दहा वर्षांत बरोबरी होत नाही.

तुमच्यातला कोणी लगेच म्हणेल, "ताई, नोकरी काय दहा वर्षांची असते का? तीस वर्षं धरा." बरोबर आहे. तीस वर्षं धरली तर पाच वर्षं थांबूनही बी.एड. केलेला ६० लाखांहून जास्त पुढे जातो. म्हणून मी बी.एड. करू नका असं म्हणत नाहीये. माझं म्हणणं असं की फायदा तीस वर्षांत मोजला जातो आणि हप्ता दर महिन्याला कापला जातो. आयुष्यभराच्या हिशेबात फायद्याची असलेली डिग्री चौथ्या वर्षी न झेपणारी असू शकते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचंही "हो" समजायचं नाही.

आणि चौथ्या वर्षी नाही झेपलं तर काय होतं? हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादित होतं. सहकर्जदार म्हणून सही बहुतेक वेळा बापाची असते. मग त्याचं सिबिल बिघडतं आणि पुढच्या खरिपाला पीककर्ज मागायला तो ज्या बँकेत जातो, ती बरेचदा तीच असते. वऱ्हाडात बी.एड.चं कर्ज आणि कपाशी-सोयाबीनचं कर्ज असं एका सहीने जोडलेलं असतं. मावसाजींच्या प्रश्नामागे हीच भीती होती, फक्त ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

संशोधनात हा प्रश्न कुठे फसतो

आता खास तुमच्यासाठी, म्हणजे जे या विषयावर किंवा अशा कुठल्याही विषयावर संशोधन करणार आहेत त्यांच्यासाठी.

शिक्षणाने कमाई किती वाढते, हे मोजायचं सर्वात प्रसिद्ध सूत्र जेकब मिन्सर यांचं, १९७४ चं. कमाईचा लॉगॅरिदम डाव्या बाजूला, शिक्षणाची वर्षं आणि अनुभव उजव्या बाजूला. या पद्धतीने जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे कमाईत साधारण ९ टक्के वाढ दिसते. आकडा छान आहे. पण सूत्राकडे नीट बघा. शून्याचा लॉग निघतो का? नाही. म्हणजे ज्याची कमाई शून्य आहे, तो या समीकरणात बसतच नाही. तो नमुन्यातून गळतो आणि उरलेल्या कमावत्या लोकांवरून आपण म्हणतो, शिक्षणाचा परतावा इतका. यावर उपाय आहेत, ते वापरलेही जातात. पण तुम्ही पेपर वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: थांबलेले लोक या आकड्यात आहेत का?

अमेरिकेत 'कॉलेज स्कोअरकार्ड' नावाची सरकारी साइट २०१५ पासून आहे. कॉलेजचं नाव टाकलं की तिथल्या विद्यार्थ्यांचं मध्यम कर्ज आणि नंतरची मध्यम कमाई दिसते. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून वेगळीच पद्धत आहे: उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं तरच फेड सुरू होते आणि ती कर खात्यामार्फत कापली जाते. तिथे नोकरी नाही तर हप्ताही नाही. म्हणजे थांबण्याची जोखीम विद्यार्थ्याच्या बापावर न येता सरकारवर येते. बाहेरच्या अभ्यासातलं "कर्ज भागिले कमाई" हे गुणोत्तर उचलून अमरावतीला लावताना हा फरक विसरू नका. ते गुणोत्तर कमाई सुरू झाली आहे असं धरून चालतं. आपला प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

आपल्याकडे माहिती नाही असं नाही, पण ती तुटक आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणातून, म्हणजे पीएलएफएसमधून, २०१७-१८ पासून पदवीधरांची कमाई आणि बेरोजगारी कळते. कर्जासाठी २०१९ चं अखिल भारतीय कर्ज व गुंतवणूक सर्वेक्षण आहे. पण अकोल्याच्या अमुक कॉलेजच्या अमुक बॅचचं पुढे काय झालं आणि त्यांनी कर्ज किती काढलं होतं, हे दोन्ही एकत्र कुठेच मिळत नाही. शिवाय आपल्याकडचं शिक्षणाचं बरंचसं कर्ज बँकेत नसतंच. आईचं मंगळसूत्र गहाण, बचत गटाची उचल, मामाकडून हातउसने, तूर विकून भरलेली फी. प्रश्नावलीत फक्त "शैक्षणिक कर्ज आहे का?" असं विचारलं तर हे सगळे "नाही" म्हणतील आणि तुमचा निष्कर्ष येईल की वऱ्हाडात विद्यार्थी कर्जबाजारी नाहीत.

एक छोटा अभ्यास, जो तुम्ही करू शकता

अमरावतीच्या चौकाचौकांत क्लासेसची बॅनरं लागतात, "हार्दिक अभिनंदन" आणि खाली पन्नास फोटो. ती खोटी नसतात. पण ज्यांचे फोटो नाहीत ते किती, हे बॅनरवर लिहिलेलं नसतं. आपण निर्णय मात्र त्या फोटोंकडे बघून घेतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही निवड झालेलाच स्टेटस टाकतो.

म्हणून ज्या कॉलेजात प्रवेश घ्यायचाय, तिथल्या पाच-सहा वर्षांपूर्वीच्या एका बॅचचे निदान वीस जण गाठा. मात्र ओळखीचे नाही. हजेरीपटातून क्रमाने किंवा चिठ्ठ्या टाकून नावं काढा. प्रत्येकाला चारच प्रश्न: पास कधी झालात, शिक्षक म्हणून पहिला पगार कधी आणि किती, आज महिन्याला किती मिळतात, आणि बी.एड.साठी घेतलेले पैसे कोणाला किती परत करताय. जो सापडला नाही त्यालाही यादीत ठेवा. तो न सापडणं हीसुद्धा माहिती आहे.

आता मोजताना होणारी सर्वात मोठी चूक. समजा पाच जण आहेत. तिघांना एक, तीन आणि चार वर्षांनी नोकरी लागली. दोघं पाच वर्षं झाली तरी थांबलेलेच आहेत. "नोकरी लागायला सरासरी किती वर्षं?" असं विचारलं की बहुतेक विद्यार्थी तिघांची सरासरी काढतात: दोन वर्षं आठ महिने. पण थांबलेले दोघं कुठे गेले? त्यांचा आकडा "पाच वर्षं आणि पुढे" असा आहे, तो टाकून द्यायचा नसतो. पाचही जणांना क्रमाने लावा, मधला माणूस चार वर्षांवर आहे. मध्यक चार वर्षं. या दोन आकड्यांत एक वर्ष चार महिन्यांचा, म्हणजे सोळा हप्त्यांचा फरक आहे.

अशा अपूर्ण निरीक्षणांना संख्याशास्त्रात सेन्सर्ड डेटा म्हणतात आणि त्यासाठी कॅप्लान-मायर ही १९५८ ची पद्धत आजही वापरतात. ती बहुतेक वैद्यकीय संशोधनात वापरली जाते, रुग्ण किती काळ जगतात हे मोजताना. पण वेटिंगवर असलेल्या शिक्षकालाही ती तितकीच लागू पडते. नेट-सेटला हा भाग विचारतात, तेव्हा हे उदाहरण लक्षात ठेवा.

उलटा हिशेब

मग मी मावसाजींना काय सांगितलं?

आपण नेहमी असं जातो: फी किती, तेवढं कर्ज, मग हप्ता येईल तो येईल. मी त्यांना उलटं विचारलं. "पोरगा पास झाल्यावर चार वर्षं त्याला नोकरी लागली नाही असं धरा. तेव्हा महिन्याला तुम्ही किती भरू शकता? पाऊस दगा देईल त्या वर्षीसुद्धा?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंधराशे. त्याच्या वरतं नाई सांगू शकत मी."

पंधराशे हा तो आकडा. आता मागे चला. १० टक्क्याने सात वर्षांत १,५०० चा हप्ता म्हणजे फेड सुरू होताना सुमारे ९० हजार देणं. त्यातून तीन वर्षांचं व्याज बाजूला काढलं तर आज उचलायची रक्कम येते सुमारे ७२ हजार. दोन लाख नाही. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर रक्कम वाढेल. शिवाय नोकरी लागल्यावर लवकर फेडता येतं, म्हणून मुदत लांब घेणं आणि मनाने लवकर फेडणं हा मार्ग वाईट नाही. पण त्यात पंधरा वर्षं बापाची सही अडकून राहते, हेही घरात बोलून घ्या.

७२ हजारांत बी.एड. बसतं का? खोली करून अमरावतीत राहायचं आणि विनाअनुदानित कॉलेजात जायचं, तर बसत नाही. पण सीईटीत गुण चांगले पडून शासकीय किंवा अनुदानित कॉलेज मिळालं, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरला आणि मूर्तिजापूरहून अकोल्याला पास काढून रोज जाणं-येणं केलं, तर बसू शकतं. म्हणजे भावाने आता कर्जाचा अर्ज भरण्यापेक्षा सीईटीचा अभ्यास करणं जास्त फायद्याचं आहे. एक-एक गुण त्याला हजारो रुपयांचा पडणार आहे. यंदा तसं कॉलेज नाहीच मिळालं तर एक वर्ष काम करून पुन्हा सीईटी द्यायची, असं त्याने आणि मी मिळून ठरवलंय. मावसाजींना ते फारसं आवडलेलं नाही. एक वर्ष वाया जाईल म्हणतात. मी त्यांना म्हटलं, हे वर्ष कमावतं असेल, पास झाल्यावर थांबायचं वर्ष हप्त्याचं असतं.

पीएच.डी.चा विचार करणाऱ्यांसाठीही हाच हिशेब. जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० आहेत, पण ती सगळ्यांना मिळत नाही आणि मिळाली तरी पैसे वेळेवर येतीलच असं नाही. "सेफ साइड" म्हणून बी.एड. करायचं असेल तर आधी बघा की ती बाजू खरंच सेफ आहे, की तिच्यावरही एक हप्ता उभा आहे.

तुमच्या घरी हा विषय निघाला असेल तर आज रात्री जेवताना एकच प्रश्न विचारा: नोकरी लागायच्या आधीचा हप्ता कोण भरणार आणि किती? जो आकडा मिळेल, तो कागदावर सगळ्यात वर लिहा. फी, कॉलेज, कर्ज हे सगळं त्याच्या खाली येऊ द्या. माझ्या वेळी हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. मीही नाही. उत्तर मात्र बाबांनी दिलं, तूर विकून.